नागोठण्याच्या अलीकडची बहीण, पलीकडची बहीण

पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी पेण सोडते, कासूला थांबते आणि मग नागोठणे येते. मुंबई-गोवा महामार्गही याच वाटेने जातो. कासूचा माणूस बाजाराला पेणला जातो, नातेवाइकाकडे नागोठण्याला किंवा रोह्याला जातो. या प्रवासात आपण एखादी हद्द ओलांडतो आहोत असे कुणाला वाटत नाही. पण शंभर वर्षांपूर्वी इथे एक हद्द होती. ती जिल्ह्याची नव्हती आणि संस्थानाचीही नव्हती. ती हिंदू कायद्याची हद्द होती. तिच्या उत्तरेला एका संस्कृत ग्रंथाचा शब्द वरचढ मानला जाई, दक्षिणेला दुसऱ्या ग्रंथाचा. आणि दोन ग्रंथांत जिथे मतभेद होता, त्यातली एक जागा होती सख्ख्या बहिणीची.

आपल्याकडे ‘हिंदूंचा जुना कायदा’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच पुस्तक येते, मनुस्मृती. मुस्लिम वाचकाच्या बाबतीत तर हे जास्तच होते. जसा आपला कुराण, तसा त्यांचा मनू, असे सोपे समीकरण आपण मनात मांडून ठेवलेले असते. हे समीकरण आपले नाही. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने बंगालमध्ये न्यायव्यवस्थेची योजना आखली तेव्हा वारसा, विवाह अशा बाबतींत मुसलमानांना कुराणाचा कायदा आणि हिंदूंना शास्त्राचा कायदा असे ठरवले. मग साहेबाला पुस्तके हवी झाली. सर विल्यम जोन्सने १७९२ मध्ये ‘सिराजिया’ हा मुस्लिम वारसाहक्काचा ग्रंथ इंग्रजीत आणला आणि १७९४ मध्ये मनुस्मृती आणली. एकाच माणसाच्या टेबलावरून दोन्ही समाजांचे ‘कायदे’ छापून बाहेर पडले. एक समाज, एक पुस्तक हा समज तेव्हापासून घट्ट झाला.

प्रत्यक्षात धर्मशास्त्राची परंपरा एका पुस्तकाची कधीच नव्हती. मूळ स्मृती अनेक: मनू, याज्ञवल्क्य, नारद, बृहस्पती, पराशर आणि इतर. त्यांची वचने एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून त्यांच्यावर टीका लिहिल्या गेल्या, पुढे विषयवार निबंधग्रंथ झाले. फिक्ह ज्यांना थोडाफार माहीत आहे त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. मूळ मतन, त्यावर शरह, त्यावर हाशिया, आणि प्रत्यक्ष निवाडा बहुधा मतनवरून नव्हे तर शरहवरून. तिथेही तसेच. याज्ञवल्क्य स्मृतीचे तीन भाग आहेत: आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त. आपण इबादत आणि मुआमलात वेगळे करतो, तसा हा काहीसा भेद. कर्ज, साक्ष, वाटणी, वारसा, गुन्हा हे सगळे व्यवहारात येते. इंग्रजी न्यायालयांनी दिवाणी निवाड्यांसाठी घेतला तो मुख्यतः हा मधला भाग.

याज्ञवल्क्यावरची सर्वांत मान्यता पावलेली टीका म्हणजे मिताक्षरा. ती विज्ञानेश्वराने लिहिली, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कल्याणी नगरीत. हे कल्याण आपले ठाण्याजवळचे नव्हे, तर बिदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. काळ अकराव्या शतकाची अखेर ते बाराव्याची सुरुवात. बंगालचा मुलूख सोडला तर जवळजवळ सगळ्या हिंदुस्थानात वारसाहक्काच्या बाबतीत मिताक्षरेचा शब्द चालला.

पण आपल्या किनाऱ्यावरही एक टीकाकार होऊन गेला आणि तो राजा होता. उत्तर कोकणचे शिलाहार ठाण्याहून राज्य करत. त्यांच्यातल्या अपरादित्याने बाराव्या शतकात याज्ञवल्क्यावर भली मोठी टीका लिहिली, ती ‘अपरार्क’ नावाने ओळखली जाते. पुण्याच्या आनंदाश्रमाने ती १९०३-०४ मध्ये छापली. या राजाचा तेजकंठ नावाचा दूत काश्मीरमधल्या पंडितांच्या सभेत हजर होता, असा उल्लेख तिथल्या मंख या कवीने केला आहे. काश्मीरच्या पंडितांत अपरार्काला पुढे मोठा मान मिळाला. मिठागरांच्या आणि खाड्यांच्या या मुलखातला ग्रंथ तिकडे हिमालयात वाचला जात होता.

याच शिलाहारांच्या राज्यात मुसलमान राहत होते. अरब प्रवासी अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास सैमूरला आला. सैमूर म्हणजे आपले चौल. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान असल्याचे त्याने लिहिले आहे. सिराफ, ओमान, बसरा, बगदादकडचे लोक आणि इथेच जन्मलेली त्यांची संतती. त्यांचे आपसातले निवाडे करायला त्यांच्यातलाच एक प्रमुख असे, त्याला ‘हुनरमन’ म्हणत. राजा झंझ हा शिलाहार होता. आपल्याला यात उदारपणा दिसतो, आणि तो होताच. पण तो राजाच्या मर्जीपुरता नव्हता. व्यापाऱ्यांचे संघ, कारागिरांच्या श्रेणी, वेगळ्या पंथांचे लोक यांचे आपापले रिवाज राजाने सांभाळावेत, हे याज्ञवल्क्यानेच सांगून ठेवले आहे. चौलच्या मुसलमानांना त्यांचा न्याय त्यांच्याच माणसाकडून मिळत होता, तो या विचारात सहज बसणारा होता.

उलट बाजूचाही दाखला आहे. पालघर जिल्ह्यात चिंचणीला राष्ट्रकूटांच्या काळचा, शक ८४८ म्हणजे इ.स. ९२६ चा ताम्रपट सापडला. त्यात संजाणचा कारभार पाहणारा ‘ताजिक’ अधिकारी आहे. ताजिक म्हणजे अरब. त्याचे संस्कृतात उतरवलेले नाव मधुमति, म्हणजे मुहम्मद. एका मठिकेला जमीन दान दिल्याची ती संस्कृत सनद आहे. धर्मशास्त्राने दानपत्र कसे लिहावे याचे नियम घालून दिले आहेत आणि एक मुसलमान अधिकारी त्या चौकटीत बसून दान देतो आहे. कोकणातल्या मुसलमानाला संस्कृत कायद्याची दुनिया परकी नव्हती. तो त्या दुनियेच्या आत, आपला दीन सांभाळून राहत होता.

आता त्या हद्दीकडे येऊ.

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीला नीलकंठ भट्ट नावाचा पंडित झाला. घराणे मूळचे आपल्या पैठणचे. सोळाव्या शतकात ते काशीला गेले आणि तिथल्या पंडितांत अग्रभागी पोचले. १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातले. नीलकंठाने भगवंतदेव नावाच्या सेंगर राजाच्या आश्रयाने बारा भागांचा ग्रंथ लिहिला. प्रत्येक भागाला त्याने ‘मयूख’, म्हणजे किरण, असे नाव दिले. त्यातला व्यवहार मयूख हा कायद्याचा भाग. गुजरातेत आणि उत्तर कोकणात तो फार मानला गेला.

इंग्रज न्यायालयांपुढे प्रश्न आला की मिताक्षरा आणि मयूख यांचे जुळत नसेल तर कुणाचे ऐकायचे? उत्तर प्रदेशवार ठरले. देशावर मिताक्षरा श्रेष्ठ. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण इथे मतभेद असेल तिथे मयूख श्रेष्ठ. मग पुढचा प्रश्न आला, उत्तर कोकण संपते कुठे?

१८७९ मध्ये उरणच्या करंजा बेटावरचा खटला, सखाराम सदाशिव अधिकारी विरुद्ध सीताबाई, मुंबई हायकोर्टात निकालात निघाला. करंजा उत्तर कोकणात धरले गेले आणि तिथे मयूख लागू ठरला. १९१६ मध्ये नरहर विरुद्ध भाऊ या खटल्यात प्रश्न महाडचा होता. महाड तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे दक्षिण टोक. मयूखाचे खास स्थान चौल आणि नागोठणे या दोन ठिकाणांच्या पुढे दक्षिणेला नेता येत नाही, महाडला मिताक्षराच, असे ठरले. कासू नागोठण्याच्या उत्तरेला, रोहा दक्षिणेला. रेषा शब्दशः धरली तर कासू मयूखाच्या मुलखात पडले आणि रोहा मिताक्षरेच्या.

ही रेषा नेमकी इथेच का? उत्तर कोकणाला गुजरातच्या पंगतीला बसवले गेले, त्यामागे जुन्या राज्यांचा इतिहास होता. पंधराव्या शतकात आणि सोळाव्याच्या सुरुवातीला ठाणे, वसई, माहीम हा पट्टा गुजरातच्या सुलतानांकडे होता. नागोठणेही त्यांच्याकडे होते. त्याच्या खालचा मुलूख आणि चौल अहमदनगरच्या निजामशाहीकडे. १५३४ मध्ये बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि गुजरातचा हा हात मागे सरला, पण व्यापाराचे, माणसांचे आणि पंडितांचे नाते गुजरातशी राहिले. म्हणजे हिंदूंच्या घरात कोणता संस्कृत ग्रंथ वरचढ, याची सीमा ढोबळमानाने एका मुसलमान सुलतानाच्या जुन्या राज्याची सीमा निघाली. नागोठण्याला अंबा नदीवर जो जुना दगडी पूल आहे, तो सोळाव्या शतकात चौलच्या काझी अलाउद्दीनने बांधला, अशी नोंद कुलाब्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. दोन शास्त्रांच्या सीमेवरचा पूल एका काझीचा.

या रेषेने कुणाच्या आयुष्यात काय फरक पडत होता? समजा एक माणूस वाटणी होऊन वेगळा राहतो. त्याला मुलगा नाही, बायको वारली, मुलगी नाही, आईवडील नाहीत, सख्खा भाऊ किंवा त्याची मुले नाहीत, आजी नाही. मागे उरले दोघे: सख्खी बहीण आणि सावत्र भाऊ. वडील एक, आई वेगळी. घर, वाडी, भातशेती कुणाची?

मिताक्षरेच्या क्रमात सख्ख्या भावानंतर सावत्र भाऊ येतो. बहिणीचे नाव विज्ञानेश्वराने त्या यादीत घेतलेले नाही. म्हणजे सावत्र भावाचे. मयूखात आजीनंतर लगेच बहीण येते आणि सावत्र भावाचा नंबर तिच्या मागे, आजोबांबरोबर लागतो. म्हणजे बहिणीचे. करंजाच्या सीताबाईच्या खटल्यात हाच वाद होता, आणि मयूखाच्या आधारावर सख्खी बहीण सावत्र भावाच्या पुढे ठरली. तीच बहीण महाडला असती तर मयूखाचा हा आधार तिला मिळाला नसता.

नीलकंठाने हे केले कसे, ते पाहण्यासारखे आहे. स्मृतीत शब्द होता ‘गोत्रज’, म्हणजे गोत्रातले लोक वारस. नेहमीचा युक्तिवाद असा की लग्न झाले की बहिणीचे गोत्र बदलते, ती गोत्रातली राहत नाही. नीलकंठाने शब्द उलगडला: गोत्रज म्हणजे गोत्रात जन्मलेला. बहीण जन्मली तर भावाच्याच गोत्रात, मग ती गोत्रज का नाही? आणि जो जवळचा त्याला आधी मिळावे, हे तत्त्व त्याने मनूच्याच वचनातून घेतले. ज्या मनूचे नाव आपण बाईच्या दास्याशी जोडतो, त्याच मनूचे एक वचन धरून एका टीकाकाराने बहिणीला वर आणले. आपल्याकडे कियास म्हणतात ती रीत याहून फार वेगळी नाही.

ही परंपरा आतून बदलत होती, याचे आणखी एक उदाहरण मिताक्षरेतच आहे. जुन्या स्मृतींनी थोरल्या मुलाला वाटणीत जास्त हिस्सा सांगितला होता. विज्ञानेश्वर म्हणतो, शास्त्रात असले तरी लोकांना जे नकोसे झाले ते आचरू नये, आणि हे तत्त्व खुद्द याज्ञवल्क्याचे आहे. थोरल्याचा जादा हिस्सा त्याने असा बाजूला ठेवला. वचन पुसले नाही. त्याच्या अंमलाचा काळ संपला, एवढेच सांगितले.

आता तुलना आपल्याशी. सूरे निसाच्या शेवटच्या आयतीत कलालाचा, म्हणजे मागे मूलबाळ आणि वडील नसलेल्या माणसाचा मसला आहे. आपल्या उदाहरणात एकटी सख्खी बहीण निम्म्याची हक्कदार, आणि उरलेले निम्मे बापाकडून असलेल्या सावत्र भावाला. मिताक्षरेत तिला काही नाही, मयूखात सगळे, फराइजच्या हिशोबात अर्धे. शिवाय आपल्याकडेही मुलूखवार भेद आहे. कोकणी मुसलमान शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी. आजोबा हयात असतील तर इमाम अबू हनीफा यांच्या मते भाऊ-बहिणींना काही मिळत नाही. इमाम शाफई यांच्या मते ते आजोबांबरोबर वाटा घेतात. समुद्रमार्गे आलेला मजहब इथे बहिणीला राखतो. मयूखही तिला आजोबांच्या आधी बसवतो. दोन्ही समाजांत किनाऱ्यावरची बहीण घाटावरच्या बहिणीपेक्षा कागदावर थोडी बरी होती, हा योगायोग असेल, पण तो लक्षात ठेवण्याजोगा आहे.

कागदावर, हा शब्द महत्त्वाचा. आपल्या लोकांना अभिमान असतो की इस्लामने चौदाशे वर्षांपूर्वी बाईला हिस्सा दिला. खरे आहे. पण १८४७ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि कच्छी मेमन मुलींनी बापाच्या मालमत्तेत कुराणाप्रमाणे हिस्सा मागितला तेव्हा काय झाले? जमातीतल्या पुरुषांनी सांगितले, आमच्यात मुलीला वारसा देण्याची चाल नाही. सर अर्स्किन पेरी यांनी चाल मान्य केली आणि मुली हरल्या. कुराण मानणाऱ्यांच्या घरात वारशासाठी हिंदूंचा रिवाज चालला, आणि तो मुसलमान पुरुषांनी मागून घेतला. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनमध्येही, लेखी कायदा नसेल तिथे, आधी देशाची चाल आणि मग पक्षकाराचा धर्मशास्त्रीय कायदा असाच क्रम होता. हे बदलायला १९३७ चा शरियत कायदा यावा लागला आणि त्यातही शेतजमीन वगळलेली राहिली. कोकणात मालमत्ता म्हणजे बहुतेक वेळा शेतजमीनच.

म्हणून कुणी म्हणाले की त्यांचा कायदा म्हणजे मनू आणि आमचा म्हणजे कुराण, तर इतिहास दोन्हीकडे मान हलवतो. दोन्हीकडे ग्रंथ होता, ग्रंथाचा अर्थ लावणारे होते, आणि सगळ्यांवर बसलेली चाल होती.

या सगळ्यात धर्मशास्त्राची काळी बाजू झाकायची नाही. बहिणीला पुढे आणणारी हीच परंपरा शूद्राला वेदापासून दूर ठेवत होती, एकाच गुन्ह्याला जातीप्रमाणे वेगळी शिक्षा सांगत होती. कायदा आणि नीती या दोहोंचा पाया तिथे जन्मावर उभा होता. १९१६ मध्ये ज्या महाडसाठी मिताक्षरा की मयूख हा वाद झाला, त्याच महाडात अकरा वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे स्वतः ब्राह्मण होते. परिषदेला गावात जागा मिळेना तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमानाने आपली जमीन दिली. आपण ही गोष्ट अभिमानाने सांगतो, सांगावीच. पण बाबासाहेबांनी पुढे काय केले, तेही सांगावे. कायदेमंत्री म्हणून हिंदू कोड बिल मांडताना त्यांच्यापुढे याच टीका होत्या, हेच मिताक्षरा-मयूखाचे भेद, हायकोर्टांचे आणि प्रिव्ही कौन्सिलचे विखुरलेले निकाल. ज्यांनी मनुस्मृती जाळली, त्यांनीच धर्मशास्त्राचा बारकाईने अभ्यास करून त्याच्या जागी समतेचा कायदा आणायचा प्रयत्न केला. आग आणि अभ्यास दोन्ही त्यांचेच.

त्याआधी १९२९ च्या एका कायद्याने मिताक्षरेच्या मुलखात बहिणीला आजोबांनंतरची जागा मिळाली होती. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने नागोठण्याची हद्दच पुसली; बहीण आणि भाऊ एका पायरीवर आले. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये देशाने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला. कासूची बहीण आणि रोह्याची बहीण आता कायद्याने सारख्या आहेत.

तलाठी कार्यालयात मात्र चित्र वेगळे असते. महामार्गालगतच्या जमिनीला भाव आला की हक्कसोडपत्रे निघतात. बहीण सही करते. हिंदू घरात सांगितले जाते, माहेर तुटायला नको. मुसलमान घरात सांगितले जाते, तुझ्या लग्नात खर्च झाला, भावाला माफ कर. शब्द वेगळे, सही तीच. हिंदू बहिणीसाठी आज संसदेचा कायदा आहे, मुसलमान बहिणीसाठी कुराणाची आयत आहे, आणि दोघींच्या हातात पेन देणारी आहे ती चाल, जिने १८४७ मध्ये मेमन मुलींना हरवले.

लोकांना नकोसे झाले म्हणून थोरल्याचा जादा हिस्सा बाजूला ठेवणारा विज्ञानेश्वर, आणि जन्म आठवून बहिणीला वारस ठरवणारा नीलकंठ. दोघेही आपल्या मजहबचे नाहीत. पण पुढच्या वेळी कुणाच्या घरी वाटणीची बैठक बसेल, तेव्हा नीलकंठाचा प्रश्न विचारायला हरकत नाही. बहीण जन्मली कुठे? आणि ज्यांना त्याहून जवळचा आधार हवा, त्यांनी सूरे निसा उघडावी. तिथे बहिणीचा हिस्सा ‘माफ’ करून घेण्याच्या रिवाजाला जागा ठेवलेली नाही.